गरजूंसाठी ठेवलेला भात

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही सात-आठ जणांनी कँटीनमधलं उरलेलं अन्न गोळा करायला सुरुवात केलेली. कॉलेज ठाण्यात, मी डोंबिवलीहून यायचे. दुपारी तीनला कँटीनमधली जेवणं आवरली की पोळ्यांचा कुस्करा आणि फोडणीचा भात करायचो, पाकिटं बांधून खोपटच्या एसटी डेपोबाहेर वाटायचो. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आमचा फोटोही लागलेला. मधोमध मी.

कँटीनमध्ये भांडी घासायला एक मावशी होत्या, खडवलीहून येणाऱ्या. एकदा मी भाताचं पातेलं उचलत होते, तेव्हा त्या पदराला हात पुसत जवळ आल्या.

"थोडा भात काढून ठेवशील का गं मला?"

मी हसून म्हटलं, "मावशी, हे गरजूंसाठी आहे ना. असं कुणालाही देता येत नाही."

"बरं बरं," म्हणाल्या आणि नळाकडे वळल्या. मला काही वाटलं नाही. उलट नियम पाळला म्हणून बरंच वाटलं.

आठवड्याभराने कँटीनचे आचारी काका कांदा चिरता चिरता म्हणाले, "तुमचं हे सुरू झाल्यापासून तिचे हाल झालेत बघ. आधी उरलेलं तीच डबा भरून न्यायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन पोरी. इथनं घरी पोचायला साडेसात. मग स्वयंपाकाला लागते बिचारी."

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

खरंच होतं. डेपोबाहेरच्या म्हाताऱ्यांना मी रोज विचारायचे, "आजी, पोट भरलं का?" रोज माझ्यासमोर वाकून भांडी घासणाऱ्या बाईला कधी एका शब्दाने विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात आधी एक डबा गच्च भरला आणि त्यांच्यापुढे धरला. "मावशी, चुकलं माझं."

त्यांनी डब्याकडे पाहिलंही नाही. "चुकलं काय त्यात? ते गरजूंचं आहे. मी इथे कामाला येते." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी ग्रुपमध्ये सगळं सांगितलं. मावशींना मी दिलेलं उत्तर मात्र सांगितलं नाही, ते गिळलं. कँटीनच्या माणसांनी आधी हवं ते न्यायचं, उरेल ते आम्ही, असं ठरलं. टेबलं पुसणारा, चहावाला, सगळे नेऊ लागले. मावशींनी कधीच नेलं नाही. आमची पाकिटं बांधून झाली की रिकामं पातेलं तेवढं घासूनपुसून ठेवायच्या.

परीक्षेच्या सुमारास त्यांना टिटवाळ्याला, घराजवळ काम मिळालं. जाताना त्या सगळ्यांना भेटून गेल्या म्हणे. मी तेव्हा डेपोबाहेर पाकिटं वाटत होते.