इथिओपियाचा घास

एखादा देश स्वतः न पाहता त्याची ओळख करून देण्यात जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या वासुदेव आठल्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आयुष्यभर गाड्यांचे गिअरबॉक्स जुळवून ते निवृत्त झाले आणि मराठी मंडळाच्या वाट्याला आले. पेरू, मंगोलिया, आइसलँड, त्यांनी कोणालाही सोडलं नाही. मंडळीही निमूट ऐकायची, कारण व्याख्यान संपल्याशिवाय बटाटेवडे बाहेर काढायचे नाहीत, असा त्यांनीच नियम केला होता.

मुलगी सुमेधा ड्रेस्डेनहून आली आणि दावितशी लग्न करणार असल्याचं तिने सांगितलं. दावित तिच्याच चिप कारखान्यातला इंजिनिअर. आई-वडील इथिओपियाचे, जन्म फ्रँकफुर्टचा. वासुदेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरा बाप असता तर भांडला तरी असता. यांनी दार लावून घेतलं आणि स्लाइड्स करायला बसले.

व्याख्यान मात्र झकास झालं. इथिओपिया म्हणजे कॉफीची जन्मभूमी, तेरा महिन्यांचं वर्ष, स्वतःची लिपी. लालिबेलाची अखंड खडकात कोरलेली चर्च म्हणजे थेट आपलं वेरूळ. बुधवारी आणि शुक्रवारी उपवास, मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. "आल्झो, संस्कृती आपल्याच तोडीची," असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या. 'आल्झो' म्हणजे जर्मन 'तर मग'; कुठलीही माहिती द्यायची, तर त्यांची सुरुवात त्यानेच व्हायची. व्याख्यानात सगळं होतं, होणाऱ्या जावयाचं नाव तेवढं नव्हतं. लॅपटॉप सांभाळणाऱ्या लताबाई मागे बसून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

मग दावितच्या आईचं, तिरुनेशबाईंचं, जेवणाचं आमंत्रण आलं. त्यांच्याकडे सगळे एका ताटात जेवतात आणि मान द्यायचा तर आपल्या हाताने समोरच्याला घास भरवतात. तो नाकारणं म्हणजे माणसालाच नाकारणं. सुमेधाने वडिलांना हे आधीच बजावलं, तिच्या सवयीप्रमाणे जर्मनमध्ये. तिथे नाक मुरडलंत, तर लग्नाला येऊ नका, हेही त्याच भाषेत सांगून टाकलं.

"अगं, गुर्शा म्हणतात त्याला! माझ्या स्लाइडमध्ये होतं," वासुदेवराव म्हणाले.

स्लाइडमधलं उष्टं तोंडात जात नाही, एवढाच फरक होता. वासुदेवरावांनी जन्मात कोणाच्या पेल्याला तोंड लावलं नव्हतं. लताबाईंनी चमच्याने आमटी चाखली, तर तो चमचा धुतल्याखेरीज पुन्हा पातेल्यात जात नसे. वासुदेवरावांनी फार हुशारीने शुक्रवार ठरवला, म्हणजे निदान मांसाचा प्रश्न मिटला. उरलेल्याची तजवीज त्यांनी मनात करून ठेवली होती.

फ्रँकफुर्टच्या त्या छोट्याशा घरात तिरुनेशबाईंनी भलंमोठं ताट मधोमध आणून ठेवलं. ताटभर आंबोळीसारखी जाळीदार इंजेरा, तिच्यावर मसुराची तिखट आमटी, पिठल्याच्या जवळपास जाणारा शिरो, कोबी आणि पालेभाजी. वासुदेवरावांनी घसा खाकरून जर्मनमध्ये सुरुवात केली.

"माफ करा, आज माझा शुक्रवारचा उपवास आहे."

लताबाईंनी डोळे मिटून घेतले. सकाळी ब्रेड आणि चीज हादडून आलेला हा माणूस होता.

तिरुनेशबाईंचा चेहरा मात्र उजळला. "उपवास! माझाही आहे! हे सगळं उपवासाचंच आहे, आठल्येसाहेब. पोटभर खा!"

"नाही, म्हणजे... आमच्या उपवासाला डाळ चालत नाही."

"मग काय चालतं?"

"साबुदाणा. बटाटा. दाण्याचं कूट, साजूक तूप, दूध, दही..."

"दूध? तूप? उपवासाला?" बाईंनी मुलाकडे पाहिलं. तीसेक वर्षं इस्पितळात नर्स म्हणून रोग्यांच्या सबबी ऐकलेली ती बाई. दावित हसू दाबायला पाणी प्यायला.

मग तिरुनेशबाईंनी इंजेराचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, छान गुंडाळला आणि तो भलाथोरला घास वासुदेवरावांच्या तोंडापाशी धरला. बोटांवरून आमटी ओघळत होती. वासुदेवरावांचे ओठ घट्ट मिटले. हात तसाच राहिला आणि बाईंचं हसू हळूहळू मावळलं.

"आई," सुमेधा लताबाईंना म्हणाली. जर्मनमध्ये नाही, चक्क मराठीत, अगदी हळू. "राहू दे. बाबांना देश आवडतात. माणसं नाही आवडत."

लताबाईंनी पदर सारखा केला.

"काय म्हणाली ती?" तिरुनेशबाईंनी विचारलं. हात अजून खाली आला नव्हता. दावितला मराठी येत नव्हती. सुमेधा खाली बघत होती. सगळ्यांनी सवयीने वासुदेवरावांकडे पाहिलं, कारण समजावून सांगण्याचं खातं त्यांचंच. आणि जन्माची खोड कुठली सुटायला?

"आल्झो..." म्हणत त्यांनी तोंड उघडलं.

बाईंनी घास आत सारला.

तोंड पार भरलं. आमटीने डोळ्यांत पाणी आलं, की आणखी कशाने, ते त्यांचं त्यांना ठाऊक. वासुदेवराव चावत राहिले आणि बराच वेळ त्या खोलीत कोणालाही कसलीही माहिती मिळाली नाही.

एका घासावर थांबायचं नसतं, म्हणून बाईंनी दुसरा केला. या वेळी वासुदेवरावांनी आपण होऊन तोंड उघडलं, आणि ते बोलण्यासाठी नव्हतं.