अनिताच्या जागी सुनीता

परदेशात शिकून सोलापूरला परतले आणि मुलींना नोकरीसाठी तयार करणारा वर्ग सुरू केला, तेव्हा वाटलं होतं, माझी डायरी मोठमोठ्या बदलांच्या नोंदींनी भरेल. गरीब घरातल्या मुलींना पक्की नोकरी, पगार बँकेत, पीएफ कापलेला! सहा महिन्यांत डायरी भरली खरी, पण किश्श्यांनी. त्यातली निम्मी पानं एकट्या अनितानं अडवली आहेत.

अनिता यंत्रमाग कामगाराची मुलगी. बारावी पास. घरी बसून टॉवेलच्या झालरीला गाठी मारायची. बायोडाटा भरताना मी विचारलं, "रिकाम्या वेळात काय करतेस?"

"रिकामी दिसले तर घरात दुसरं काम लावतात की, ताई."

मी लिहिलं : वेळेचे उत्तम नियोजन.

*

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात बिलिंगसाठी मुलाखत होती. समोरच्याच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं, हे मी तिला महिनाभर शिकवलं होतं. मॅनेजर देशमाने सरांनी तिला दोन प्रश्न विचारले. सोबत आलेल्या आईनं सरांना दहा विचारले. शेवटचा होता, "बायकांचं बाथरूम कुटं हाय? कडी आतून लागती का?"

सर स्वतः उठून बघून आले. कडी नव्हतीच.

त्या आठवड्यात अनिता लागली आणि कडीही.

*

नियुक्तिपत्राच्या दोन प्रती मिळाल्या. एक सही करून परत द्यायची होती. वडिलांनी दोन्ही नवी पेठेत नेऊन लॅमिनेट करून आणल्या.

सरांचा फोन आला, "मॅडम, आता सही प्लास्टिकवर घेऊ का?"

वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "कागद फाटला आन् नोकरी गेली तर?"

*

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सरांचा फोन. "मॅडम, अनिताचं कार्ड गळ्यात घालून आज बिलिंगला दुसरीच मुलगी बसली आहे. चेहरा बराचसा तसाच आहे."

ती धाकटी बहीण सुनीता. अनिताला ताप होता. वडिलांच्या कारखान्यात कुणाला जमलं नाही तर घरातलं माणूस पाठवायचं, माग थांबता कामा नये, हीच रीत. म्हणून अनितानं युनिफॉर्मला इस्त्री करून बहीण पाठवली होती.

"ही फसवणूक आहे. आता दोघींनीही येऊ नये," सर म्हणाले.

मी धावत अनिताच्या घरी गेले. अनिता पांघरुणात रडत होती. "मी खाडा न्हाई केला, ताई. माणूस पाठवलं की."

आई म्हणाली, "जाऊ दे. गाठी हायतच."

"गाठी नको, आई. तितं मला नावानं हाक मारतात."

मी सरांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि कारखान्याची रीत सांगितली. अनिता ऐकतेय का, ते सरांनी विचारलं. मग म्हणाले, "अनिता, पक्क्या नोकरीत आजारपणाची रजा असते. अर्ज करायचा आणि घरी झोपायचं."

"पगार कापणार?"

"नाही."

"मग माझं काम कोण करतं?"

"कोणी नाही. रांग थोडी लांबते."

अनितानं फोनवर हात ठेवला आणि मला हळूच विचारलं, "ताई, सर लई चिडलेत म्हणून असं बोलतात का?"

सरांना ते ऐकू गेलं असावं. "अर्ज पाठव," ते म्हणाले, "आणि बरी झालीस की ये. पण तूच ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात मुली मुलाखतीच्या सरावासाठी ताठ बसल्या होत्या. मी फळ्यावर 'रजेचा अर्ज' असं लिहिलं आणि ठरवलं, मुलाखत उद्या. आज प्रत्येकीनं आजारी पडायचं.