कडूबाचा जबाब

जुन्या जालन्याच्या साळीगल्लीतला कडूबा ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पीत असे. त्याची बायको तुळजाबाई म्हणे, "लग्नात डोक्यावर पडलेल्या अक्षता बी ह्यानं निवडून पाह्यल्या असतील." हात मात्र सोन्याचा. त्याच्या मागावरचं लुगडं भोकरदनच्या बाजारात बाया घडी न उलगडता घेत. जगानं त्याच्यावर एवढा भरवसा टाकावा आणि त्यानं जगावर कवडीचा टाकू नये, असा तो प्रकार होता.

गल्लीसमोर एक मोकळी जागा होती. गल्लीतली अकरा विणकर घरं तिथं सकाळी खुंटे ठोकून लांबच लांब सूत ताणत, त्याला खळ लावत, उन्हात वाळवत. मगच ते मागावर चढे. घरात एवढी लांबी कुठून आणणार? ती जागा गेली की अकरा माग बंद.

निजामाच्या राज्यात, फसली सन तेराशे त्रेचाळीसला, सरकारी अमीन साखळी घेऊन ती जागा मोजायला येणार, अशी बातमी आली. कडूबाच्या डोक्यात किडा वळवळला. हे लोक खुंटे मोजणार आणि खुंट्यामागं पट्टी बसवणार! त्यानं घरोघर फिरून सगळ्यांना खुंटे उपटायला लावले. शेजारचा विणकर मुबारक मोमीन एवढंच म्हणाला, "कडूबाभाऊ, जे हाये ते सांगावं." कडूबानं त्याच्याकडंही तिरपंच पाहिलं.

अमीननं जागेबद्दल विचारलं, तेव्हा कडूबाच पुढं झाला. "कुनाची न्हाई, साहेब. बिलकुल खाली पडून हाये." अमीननं त्याचं नाव विचारलं, जबाब लिहून घेतला आणि गेला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दोन वर्षांनी कचेरीच्या भिंतीवर शहर सुधारणेचा नकाशा लागला. साळीगल्लीसमोरच्या 'खाली' जागेवर कापसाच्या गाड्यांचा अड्डा होणार होता. हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती. गल्लीत सुतक पडल्यासारखं झालं.

आता माणसानं आपल्या जिभेला दोष द्यावा. पण कडूबा तो कडूबाच. त्याला संशय आला मुबारकचा. मुबारकला कचेरीची उर्दू येत होती आणि हल्ली त्याची कचेरीच्या ओट्यावर ऊठबस वाढली होती. कडूबा एक दिवस त्याच्या मागं मागं गेला. मुबारक अर्ज लिहिणाऱ्या मुन्शीजवळ बसून बोटं मोजत काहीतरी सांगत होता आणि मुन्शी लिहीत होता. एवढं कडूबाला पुरलं. "ह्यानंच इकली जागा," त्यानं गल्लीत येऊन सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर अशी!

मुबारक हरकतीच्या अर्जावर अंगठे घ्यायला आला, तेव्हा कडूबानं दार लावून घेतलं. त्याचं पाहून आणखी चार घरांनी लावलं.

"भाऊ, मुदत संपून राह्यली. जागा जाईल," मुबारक दाराबाहेरून म्हणाला.

"मंग तुला काय? तुझा वाटा तुला भेटलाच असंल."

मुबारक अर्ज घेऊन पुढच्या दाराकडं वळला. दोन दिवस तुळजाबाई नवऱ्याशी बोलली नाही.

सुनावणीला कडूबा गेला तो मुबारकची चोरी पकडायला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचायला लावला. त्यात होतं, पट्टीच्या भीतीनं त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून खुंटे काढले, चूक आम्हा सगळ्यांची, जागा रोज वापरात आहे. खाली अकरा घरांची नावं होती. पहिलं नाव कडूबाचं, त्यापुढची जागा कोरी. शेजारी एक वकिलाचा कारकून उभा होता. कडूबानं त्याला हळूच विचारलं, "बराबर हेच लिवलंय का?" कारकून कागदावर वाकला आणि म्हणाला, हेच. कडूबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी अमीनचा जुना कागद काढला. "ये कडूबा कौन है? इसने तो जमीन खाली बताई थी."

मुबारकनं बोट दाखवलं नाही. खोट्या जबाबाला तुरुंग असतो, हे कडूबाला ठाऊक होतं. तरी तो उठला.

"म्याच, साहेब."

"तब झूठ बोला था, या अब बोल रहा है?"

"तव्हा. मला वाटलं, सरकारच आमाला फसवून राह्यलं."

कचेरीत कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी नव्या जबाबावर कडूबाचा अंगठा घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन जागा पाहिली. तुरुंग टळला. नकाशाही बदलला, पण निम्माच. मुदतीत अंगठे आले होते सहाच घरांचे, म्हणून जागा सुटली ती सहा घरांपुरती. अंगठा कुणी दिला हे न बघता नकाशावरची रेघ मधोमध सरकली; कडूबाच्या दारापुढची बाजू वाचली, आणि मुबारकच्या दारापुढची सगळी बाजू गाड्यांच्या अड्ड्यात गेली.

कडूबा मुबारकच्या दारात गेला. "मुबारकभाई, माह्या दारापुढं सूत तान. एक दिस तू, एक दिस मी."

मुबारक आत जाऊन कागद आणि शाई घेऊन आला.

"लिहून घेतो, कडूबाभाऊ. तू खाली अंगठा लाव."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर कडूबानं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण आज त्याला नुसतं रडू आलं. गल्लीत दुसऱ्यावर विश्वास टाकणारा एकच माणूस होता, आणि त्यालाही आपण आपल्यासारखं करून सोडलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं अंगठा शाईत बुडवला.