पाटीवरची चौथी ओळ

घराच्या दाराशी नव्याने लागलेल्या पितळी पाटीवर पाच ओळी होत्या आणि बाईंनी त्या सवयीने दोनदा वाचल्या. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात चौतीस वर्षं गेली होती. डोळ्यात तेल घालून वाचणं अंगवळणी पडलेलं. घर एकशे दहा वर्षांचं, हे बरोबर होतं. बिडाचे खांब, जिन्याचा वळणदार कठडा, दारांवरचे रंगीत काचांचे झरोके, सगळं बरोबर, अगदी ऱ्हस्व-दीर्घसुद्धा. चौथ्या ओळीत मात्र लिहिलं होतं, ‘वास्तू सध्या रिकामी आहे.’

भाजीची पिशवी हातात तशीच धरून बाई उभ्या राहिल्या. एकेचाळीस वर्षं त्या याच घरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होत्या. आधी आईबरोबर, मग एकट्या. तळमजल्यावरचा शिंपी दुकान गुंडाळून गेला, पहिल्या मजल्यावरचे मास्तर मुलाकडे गेले. मालक परदेशी निघाले तेव्हा किल्ल्यांचा जुडगा बाईंच्या हाती देऊन गेले. जाताना प्रत्येकजण म्हणायचा, “येत राहू हं.” पुन्हा कोणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई वारसा विभागाच्या कचेरीत जाऊन धडकल्या.

“मजकूर मंजूर झालाय, बाई,” कारकून म्हणाला.

“पण मी राहते ना तिथे!”

“आमच्या नोंदीत तसं नाही.”

“मग मी काय भूत आहे?”

कारकून हसला, पण बाईंचा चेहरा बघून चपापला. “अर्ज देऊन ठेवा,” तो म्हणाला. बाईंनी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. त्यात एकही खाडाखोड नव्हती.

आठ दिवसांनी पाहणीसाठी एक तरुण अधिकारी आली. खांद्याला कॅमेरा, हातात मोजपट्टी. बाईंनी ठेवणीतले कप काढून ठेवले होते. चार वर्षांत दार ओलांडून आत आलेली ती पहिलीच.

पोरगी घर बघून हरखून गेली. “अय्या, ही खिडकीची झडप अजून हलते?”

“मी रोज हलवते ना.”

“आणि ही छताजवळची जाळी बघा. गरम हवा इथून बाहेर जाते. काय डोकं लावलंय!” तिने भिंतीवर बोटांनी टकटक केलं. “चुन्याचा गिलावा आहे. याला वारा लागतो. खालच्या खोल्या बंद ठेवल्यात ना, तिथे ओल चढायला लागली असणार.”

चहा झाकून ठेवला होता, तो निवत चालला. बाईंच्या मनात किती दिवसांचं साठलेलं होतं. शेवटी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा झरोक्यातून पडणारा उन्हाचा लाल डाग कुठवर सरकला यावरून ती वेळ ओळखायची.

“हा झरोका आहे ना,” बाईंनी सुरुवात केली, “माझी आई इथे पडल्या पडल्या...”

“एक मिनिट हं, मावशी. हे टोक जरा धरता?”

बाईंनी मोजपट्टीचं टोक धरलं. दाराची उंची लिहून झाली, मग रुंदी, मग कठड्याची जाडी. बाई टोक धरून तिच्यामागून फिरत राहिल्या. पुढचं बोलणं राहूनच गेलं.

“फार देखणं घर आहे, नशीबवान आहात,” निघताना पोरगी म्हणाली आणि कठड्यावरून हात फिरवत जिना उतरून गेली. कपाला तिने हात लावला नव्हता.

महिन्याभरात नवी पाटी आली. चौथी ओळ आता अशी होती, ‘वास्तूचा काही भाग वापरात आहे.’ चूक काढायला जागा नव्हती.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. “मावशी, झालं ना तुझ्या मनासारखं? आता तरी राहायला ये इकडे. तिथे एकटी काय करतेस?”

“बघू गं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सकाळी त्यांनी जुडगा घेतला आणि खालच्या बंद खोल्या उघडल्या. एकोणीस खिडक्या भरल्या. ओलीचा वास नाकात बसला, गुडघ्यांनी बोंब मारली, पण सगळ्या झडपा उघडायच्या आणि दिवेलागणीला लावून घ्यायच्या, हा नेम सुरू झाला. शिंप्याच्या खोलीतली एक खिडकी हट्टाला पेटली होती. रोज तेल सोडत गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती करकरत उघडली. समोर फूटपाथवर एक माणूस सायकलचं पंक्चर काढत होता. आवाज ऐकूनही त्याने मान वर केली नाही. बाई थोडा वेळ त्याचं काम बघत राहिल्या. मग पदराने हात पुसून पुढच्या खोलीकडे वळल्या.