पंधरा ऑगस्टची झोप

दुपारच्या ओलसर, जड हवेत घोरण्याचा एक आवाज आमच्या घरभर पसरलेला आहे. आधी एक लांब, खोल श्वास. मग क्षणभर काहीच नाही. मग तुंबलेली पन्हळ एकदम मोकळी व्हावी तसा खळखळाट, आणि पुन्हा ती शांतता. जगातल्या कुठल्याही बायकोला विचार, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल ती काय बोलेल ते तुला सांगायला नको. मीही उभ्या संसारात तेच बोलत आले. पण आज मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हा आवाज एखाद्या भजनासारखा ऐकते आहे, भांड्यावर झाकण ठेवताना हात जपते आहे, मांजराला नुसत्या डोळ्यांनी दटावते आहे. माझा इनास झोपला आहे! ईस्टरनंतर पहिल्यांदा, अगदी मनापासून, तोंड उघडं टाकून झोपला आहे. आणि माझी सायबिणीकडे, आमच्या मारियामाउलीकडे, एकच विनवणी चालली आहे, की आज किनाऱ्यावरून हाक येऊ नये.

कसली हाक, ते तुला सांगायला हवं. इनास रापणकर. लांबलचक जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि त्याचे दोन्ही दोर वाळूत उभं राहून साऱ्या वाडीने मिळून ओढायचे, ही रापण. तिला घड्याळ नाही आणि वारही नाही. किनाऱ्यावर टेहळणी करणाऱ्याला पाण्यावर मासळीची काळसर झुंड दिसली, की तो डोक्यावरचा पंचा हवेत फिरवून अशी काही हाक देतो, की हातातला घास ताटात टाकून माणसं धावत सुटतात. त्या हाकेवर इनासने उभं आयुष्य काढलं. भरतीला जागा, ओहोटीला आडवा. होडीच्या सावलीत, माडाच्या बुंध्याशी, जाळ्याच्या ढिगावर, जिथे पाठ टेकेल तिथे निजायचा. आमच्या लग्नाच्या दिवशी चर्चमधून मंडपात येईपर्यंतच्या वाटेत हा गृहस्थ गाडीत झोपला होता, बोल!

आणि मी? मी वेंगुर्ल्याची. काजूच्या कारखान्याच्या भोंग्यावर आमची आळी उठायची, आई कामाला निघायची, आणि त्याच भोंग्यावर आम्हां मुलींच्या वेण्या घातल्या जायच्या. पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, भोंगा गेला आणि घंटा आली. वेळेवर निजणं आणि वेळेवर उठणं हा मला सदाचार वाटायचा. एकाच छपराखाली दोन निद्रा नांदत होत्या, एक चंद्राच्या कलांवर वाढणारी-घटणारी आणि एक तासांवर विभागलेली. त्यांची गाठभेट क्वचितच होई. तरी संसार झाला, आणि बरा झाला.

सुट्ट्यांच्या बाबतीतही आमचं तसंच. दिनदर्शिकेवरचे लाल आकडे माझे. इनासला ते कधी दिसलेच नाहीत. मासळी काय रविवार पाळते? तो सुट्टी मानायचा ती गुड फ्रायडेची आणि आमच्या चर्चच्या फेस्ताची, म्हणजे वार्षिक सणाची. आणि भर पावसात दर्या खवळला की सुट्टी त्याला सक्तीने मिळायची. पण तुला एक गंमत सांगू? लाल आकड्यांमधले सर्वांत तेजस्वी जे दोन, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी, त्यांच्या आदल्या रात्री मला कधी डोळा लागला नाही. सारा देश दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत लोळायचे बेत करत असायचा, आणि मी मात्र छताकडे बघत पडलेली असायची, झेंडा उघडला नाही तर? शाळेत झेंड्याची घडी घालून त्यात फुलं भरायचं, ती दोरीने बांधायचं काम माझ्याकडे. एका हिसक्यात सुटायला हवी अशी ती सुरगाठ. सुटली नाही तर? पाहुणे वर बघताहेत, मुलं सलामीचा हात धरून उभी आहेत, आणि वर नुसतंच गाठोडं लोंबतंय! हे दृश्य मी इतक्या वेळा बघितलं, की प्रत्यक्षात ते कधीच घडलं नाही याचंच नवल. पंधरा ऑगस्टला मारियेच्या स्वर्गारोहणाचा सणही असतो. पण मिस्सेत, चर्चमधल्या प्रार्थनेतही, माझं चित्त स्वर्गाकडे कमी आणि त्या काठीच्या टोकाकडे जास्त असायचं. सायबिणीने मला क्षमा केली असेल.

मग मी निवृत्त झाले, गाढ झोपू लागले. आणि नेमकी तेव्हा इनासची झोप गेली.

ईस्टरच्या सुमारास रापण ओढताना त्याच्या छातीत कळ आली. देवाच्या दयेने निभावलं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रापणीचा दोर आता धरायचा नाही. खाणंपिणं, चालणं, सगळं करा, दोर नको. इनासने मान डोलावली, घरी आला, आणि त्या रात्रीपासून जागाच. गोळी दिली तर डोळे मिटायचे, झोप नाही. पहाटेही उठून खिडकीशी बसलेला. "गो रोझा, माझी झोप खंय गेली?" असं तो मलाच विचारायचा, मी कुठे फडताळात ठेवल्यासारखं. मी म्हणायची, अरे, आता तर आराम आहे, उठवणारं कोणी नाही, निवांत नीज. तो पुन्हा खिडकीशी जाऊन बसायचा. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. जेवणावरची वासना उडालेली. डॉक्टर म्हणाले, हृदय सुधारतंय पण झोप आली नाही तर सुधारलेलं टिकायचं नाही. तुला खरं सांगते, मला भीती वाटत होती. माणूस माझ्यासमोर बसलेला असायचा आणि मी त्याला गमावते आहे असं वाटायचं.

यंदा समुद्र लवकर निवळला आणि रापण सुरू झाली. मग तर विचारू नकोस. दुपारी जरा पाठ टेकली की किनाऱ्यावरून हाक यायची. इनास ताडकन उठून दारापर्यंत जायचा, उंबऱ्यावर थबकायचा, आणि परत येऊन खाटेवर बसायचा. ती हाक आता त्याच्यासाठी नव्हती. मला तेव्हा उमगलं. कोणीतरी आपल्याला उठवणार आहे याची खात्री असली, की माणूस निर्धास्त झोपतो. ज्याला उठवायला कोणी येणार नाही, त्याने कशाच्या भरवशावर डोळे मिटावे? आपल्याला वाटतं काम झोपेचं वैरी. असतं का तसं? मी तरी आता छातीठोकपणे सांगणार नाही.

अशात परवा सुप्रिया घरी आली. ही माझीच विद्यार्थिनी, आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका. यंदा झेंडा बाईंच्या हस्ते, असा तिचा आग्रह. बांधाबांधीची जबाबदारी नाही, नुसतं ओढायचं, म्हणून मीही खुशीत हो म्हटलं. जाता जाता ती म्हणाली, काठीची दोरी पावसाने कुजलीय, इनासकाका नवी घालून देतील का, आणि झेंडाही तेच बांधतील का? इनासने वर बघितलं. कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडावर मी तसा भाव बघितला नव्हता. त्याने दोरी स्वतः निवडली, पाण्यात भिजवून ताणली, पिळून वाळवली, आणि काल संध्याकाळपासून घरात येरझाऱ्या सुरू. मी म्हटलं, गाठीकडे तेवढं लक्ष दे हां. तर भडकलाच! "माका दोर शिकवतंस?" म्हणाला. म्हटलं, नाही बाबा, चुकलं माझं.

आज पहाटेची मिस्सा ऐकून आम्ही शाळेत गेलो. इनासने झेंड्याची घडी घातली, मी अबोलीची आणि झेंडूची फुलं दिली, त्याने बांधलं, वर चढवलं. एक सर येऊन गेली होती. पटांगण चकाकत होतं, मुलांचे पांढरे शर्ट निळीने निळसर झालेले. माझं नाव पुकारलं गेलं. मी पुढे झाले, दोरी ओढली.

काही नाही.

पुन्हा ओढली. वर गाठोडं नुसतं डुललं. मुलांचे सलामीचे हात कपाळाशी, सुप्रियाचा चेहरा पांढराफटक, आणि मी! निवृत्त झाल्यावर, पाहुणी म्हणून, कोऱ्या साडीत, अखेर त्या दृश्यात येऊन उभी राहिले होते. पालकांच्या घोळक्यातून इनासचा रापणीतला जोडीदार बस्त्यांव मोठ्याने म्हणाला, "इनासान बांधल्यान मा? मगे झेंडो आता सव्वीस जानेवारीकच सुटतलो!"

सारं पटांगण हसलं. मला आधी रडू कोसळेल असं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी काय झालं कोण जाणे, मीही हसू लागले. काय झालं होतं ते माझ्या लक्षात आलं ना! जाळ्याची गाठ सुटली तर मासळी गेली, होडीची गाठ सुटली तर होडी गेली. त्या हातांनी आयुष्यभर निरगाठच मारली होती, तीही वर ओल्या दोरीत. त्याला सुरगाठ मारायला सांगणं म्हणजे मला भोंगा झाल्यावर झोपायला सांगण्यासारखं.

इनास मागे भिंतीशी उभा होता, शरमेने मान खाली. आता हा कायमचाच खचणार, असं मला वाटलं. पण सुप्रियाने दोन्ही हातांचा कर्णा करून हाक दिली, "इनासकाका, या! तुम्हीच या, लवकर!" आणि तुला सांगते, ती हाक ऐकून तो माणूस धावला. चपला तिथेच टाकून, अनवाणी, चिखलातून, जसा वाळूत धावायचा तसा. अरे, हळू, छाती, असं मी म्हणेपर्यंत तो काठीपाशी होता. झेंडा अलगद खाली घेतला, जमिनीला टेकू न देता खांद्यावर झेलला, नखाने गाठ सोडवली. पुन्हा बांधू लागला तर पुन्हा निरगाठ! तिसऱ्यांदाही बोटं तिकडेच वळली तेव्हा त्याने दोरी माझ्या हातात दिली. "हाताक काय सांगू गो? ह्या हातांनी सुटतली गाठ कधी मारूकच नाय," म्हणाला, आणि हसला. ईस्टरनंतर पहिल्यांदा हसला!

मग सुरगाठ मी मारली. वर चढवायची वेळ आली तेव्हा मी दोरी त्याच्या हातात दिली. डॉक्टर रागावतील? रागावोत. चार बोटं जाडीचा दोर नव्हता तो, हातभर कापडाचं ओझं होतं. इनासने एक पाय मागे रोवला, रापणीत रोवायचा तसाच, आणि हातामागून हात टाकत झेंडा वर नेला. टोकाला पोचल्यावर माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तूच ओढ. त्याने हिसका दिला. अबोली आणि झेंडू त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर पडले, आणि वर तीन रंग सुटून वाऱ्यावर उभे राहिले. राष्ट्रगीताला तो इतका ताठ उभा होता, की केसांतली फुलंसुद्धा हलली नाहीत.

माझ्या आयुष्यभराच्या जाग्या रात्रींनी जे भय पोसलं, ते आज प्रत्यक्ष घडलं. आणि घडून काय झालं? मुलं खळखळून हसली, खाऊला थोडा उशीर झाला, एवढंच. याच्यासाठी मी इतकी झोप वाया घालवली! किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

घरी येताना बस्त्यांव वाटभर चिडवत होता, आणि इनास त्याला तोंड भरून शिव्या घालत होता. सुप्रियाला तर शाळेच्या फाटकातूनच बजावून आला, "सव्वीस जानेवारीक माका सांगा हां. आदल्या दिसा येतंय." दारात पाऊल टाकताच म्हणाला, "वाढ गो, भूक लागलीहा." सणाचं जेवण होतं, बांगड्याची आमटी आणि तांदळाची वाफवलेली सान्नां. पोटभर जेवला, खाटेवर टेकला, केसांत अडकलेली एक अबोली काढायची राहिली आहे हे सांगायला मी वळले तोवर हा आवाज सुरू झालेला.

दोरी ओढल्याने झोप आली, की हसल्याने, की नावाने हाक मारली म्हणून? मी शोधायला जाणार नाही. मास्तरकीची माझी जुनी खोड, प्रत्येक उत्तराखाली कारण लिहायला लावायची. आज तिलाही सुट्टी.

इतकं सांगतेय तोच बघ, किनाऱ्यावरून आलीच ती हाक. लांब, चढत जाणारी, माडांच्या शेंड्यांवरून थेट आमच्या खिडकीत. वाडीतली दारं वाजली, धावणारी पावलं घरामागून गेली, कोणीतरी कोणालातरी दोर घे म्हणून ओरडलं. मी उंबऱ्यावर श्वास धरून बसले. घोरणं थांबलं. खाट करकरली.

इनास कुशीवर वळला, हात उशाखाली घेतला. मग एक लांब, खोल श्वास, क्षणभर काहीच नाही, आणि तो खळखळाट पुन्हा सुरू झाला.