बिनवायरचा करंट

बाबा, एअरपोर्टच्या गेटवर सगळे रडत होते आणि तू मात्र चौकशी करत होतास. "काय मोजाचं हाय तिकरं?" आभाळातला करंट, मी म्हटलं. "बिनवायरचा?" एवढं विचारून तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू पोरीला कुणीतरी पक्कं गंडवलंय.

तुझं चुकत नव्हतं. तळवलीच्या आपल्या भातशेतात तीन पायांची दुर्बीण घेऊन जमीन मोजणारी माणसं आली होती, तिथे आता शहराचा सेक्टर आहे, नुसत्या इमारती. तेव्हापासून तुझं एकच, "मोजाला येतो तो घ्यालाच येतो." मी नॉर्वेच्या टोकाला तसल्याच दुर्बिणीमागे उभी राहते, हे तुला सांगायची माझी छातीच झाली नाही.

इथे सूर्याकडून वारा येतो, विजेने भारलेल्या कणांचा. त्याच्या जोरावर ध्रुवाजवळ, ढगांच्याही खूप वर, प्रचंड करंट वाहतो आणि खाली जमिनीवर चुंबकसुई हलते. किती हलली, ते आम्ही त्या दुर्बिणीतून मोजतो. म्हणून आमच्या लाकडी खोलीत लोखंड चालत नाही. किल्ल्या, पट्टा, मोबाइल, सगळं बाहेर.

तरी माझीच मापं चुकायला लागली. आधी मी सूर्यावर संशय घेतला, मग शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर, मग सोबतच्या मुलीवर. हिला माझी जागा हवी असणार! साहेबांचा संशय मात्र माझ्यावर होता. काँट्रॅक्ट वाढवायचं की घरी पाठवायचं, इथवर आलं होतं. एक दिवस कोटाच्या अस्तरातून काहीतरी टोचलं. उसवलं तर काळ्या दोऱ्यात गुंडाळलेला खिळा.

फोनवर आईवरच भडकले. नजर लागू नये म्हणून असले उद्योग तीच करते. तिने सगळं ऐकून घेतलं. "मी नाय गो. तुझ्या बापानं शिवला, चष्मा लावून. बोलला, पोर त्या करंटखाली उभी ऱ्हानार, आंगाव लोखंड आसूं दे."

आयुष्यभर आईच्या लिंबू-मिरचीला हसणारा तू! मला रडूच फुटलं. साहेबांना खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत, कोट काढून पुन्हा मोज म्हणाले. मापं जुळली, नोकरी राहिली.

खिळा मी पुन्हा शिवलाय. कोट लांब झाडाला अडकवते आणि आत कुडकुडत मोजते. इथली माणसं विचारतात, घर कुठे? तळवली म्हणते, पण आपलं शेत कुठे होतं तेही आता मला दाखवता येणार नाही. तू मात्र या करंटवर विश्वास ठेवू नकोस, बाबा. माझ्यासाठी कुणीतरी साऱ्या आभाळावर संशय घेतंय, तेवढंच आता माझं घर आहे.