मर्ल बॉइसची हिरवी शेव्हेल

वेंडेल स्टोकली खोटं बोलणारा माणूस नव्हे, असं बेल्फोर्ड गावात कुणीही सांगितलं असतं. मोटारींच्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये त्यानं उभी हयात काढली. पत्रा आत जायचा, वरून दणका बसायचा, मोटारीचं दार होऊन बाहेर यायचं. पुन्हा पत्रा, पुन्हा दणका. त्या दणक्यांनी त्याचा डावा कान कामातून गेला, पण माणूस कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. जन्मभर दुसऱ्यांच्या मोटारींची दारं काढली आणि स्वतः मात्र महामार्गावरही उजव्या बाजूच्या संथ रांगेतून गाडी हाकली.

एकच वेड होतं. उन्हाळ्यातले रविवार तो शर्यतीच्या ट्रॅकवर काढायचा. घडीची खुर्ची, बर्फाची पेटी, आणि कुंपणाच्या जाळीला लागून ठरलेली जागा. जुन्या, अजस्र इंजिनांच्या अमेरिकन गाड्या वळणावर आल्या की त्यांच्या आवाजानं त्याच्या छातीचा पिंजरा थरथरायचा, आणि बहिऱ्या कानालासुद्धा ऐकू आल्यासारखं वाटायचं.

"जाळीचे वळ उमटलेत तुझ्या कपाळावर," त्याची बायको लोरेटा म्हणायची. "एकदा आत तरी जा, नाहीतर सोडून तरी दे."

निवृत्त झाल्यावर त्यानं ठरवलं, आत जायचं. जुनी, दणकट गाडी घ्यायची, आतून पार रिकामी करायची आणि ट्रॅकवर पळवायची. नेमका त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी मर्ल बॉइस गेला.

मर्ल त्याचा कारखान्यातला फोरमन. कडक माणूस, पण आपल्या माणसांना कधी वरच्या साहेबांच्या तोंडी दिलं नाही. त्याच्याकडे सत्तर सालची शेव्हेल मोटार होती, गर्द हिरवी. ती त्यानं नवीकोरी घेतली होती, त्याच गाडीतून आर्डिथला लग्न करून आणलं होतं, आणि पुढं आयुष्यभर रविवारी चर्चला आणि चार जुलैच्या मिरवणुकीला सोडून ती बाहेर काढली नाही. गावात ती गाडी दिसली की लोक हात वर करायचे. मर्लला की गाडीला, ते सांगणं कठीण होतं.

आर्डिथनं गाडी विकायला काढल्याचं कळलं तेव्हा वेंडेल लोरेटाला घेऊन तिच्याकडे गेला. डेट्रॉइटचा एक दलाल आधीच येऊन बघून गेला होता. आर्डिथ मर्लचा जाड लोकरी शर्ट अंगात घालून गॅरेजच्या दारात उभी होती. उंच, ताठ बाई, पंचाहत्तरीच्या पुढची. ती किमतीबद्दल काही बोललीच नाही. तिनं एवढंच विचारलं, "काय करणार आहेस रे तू तिचं?"

वेंडेलनं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला काय ऐकायचंय ते त्याला कळलं.

"करायचंय काय, मिसेस बॉइस? मर्लनं ठेवली तशीच ठेवीन. जशीच्या तशी."

तिनं मान हलवली, आणि दलालाला फोन करून नको म्हणून सांगितलं.

परतताना लोरेटानं आधी खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "जशीच्या तशी?"

"अगं, तसं म्हणायचं असतं. तिला बरं वाटलं ना?"

"मला नाही वाटलं," लोरेटा म्हणाली, आणि त्या विषयावर ती पुढं बोललीच नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं वेंडेलला पुढं कितीतरी वेळा वाटलं.

हिवाळाभर काम चाललं. मदतीला गस टार्नोव्स्की होता, कारखान्यातलाच जुना वेल्डर. दोघांनी आधी गालिचे काढले, मग छताचं कापड, रेडिओ, हीटर. मागची सीट उचलली तेव्हा खाली पेपरमिंटचे कागद निघाले, केसांच्या दोन पिना निघाल्या आणि पेन्सिलीचा तुकडा. गस सगळं झाडूनं गोळा करायला लागला, तर वेंडेलनं पिना उचलून खिशात टाकल्या. संध्याकाळी खिसा रिकामा करताना त्या हाताला लागल्या. त्या आता कुठं ठेवाव्यात हे त्याला कळेना, म्हणून त्यानं त्या कोटाच्या खिशात परत टाकल्या.

गाडीच्या फरशीवरचा, आवाज दाबण्यासाठी लावलेला डांबराचा थर खरवडून काढायला आठवडे गेले. मग लोखंडी पिंजऱ्याची वेळ आली. गाडी उलटली तर आतला माणूस चिरडू नये म्हणून जाड नळ्यांचा पिंजरा आत बसवतात आणि तो थेट गाडीच्या अंगाला वेल्ड करतात. त्यासाठी फरशी कापावी लागणार होती, आणि रुंद टायर बसावेत म्हणून मागच्या चाकांवरचा पत्राही.

गसनं पत्रा कापायचा ग्राइंडर त्याच्या हातात दिला. "पहिला काप मालकाचा."

वेंडेलनं तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"अरे, गाडी तुझी आहे की तिची?"

"माझी."

"मग घाल की."

त्यानं काप घातला. हिरव्या रंगाखालून चकचकीत पत्रा उघडा पडला. असला पत्रा त्यानं आयुष्यात लाखांनी हाताळला होता, पण या वेळी त्यानं नजर दुसरीकडे वळवली. गसला वाटलं, ठिणग्यांमुळे.

तेव्हापासून त्याला आर्डिथ सगळीकडे दिसायला लागली. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसायला लागला आणि शेवटचं भजन संपायच्या आत सटकायला लागला. किराणा दुकानात तिची पांढरी टोपी दिसली की हा शेजारच्या ओळीत शिरून कुत्र्याच्या खाण्याचे डबे वाचत बसायचा. घरी कुत्रा नव्हता.

एप्रिलमध्ये ती स्वतःच आली. हातात ॲपल पाय, आणि तिच्या गाडीच्या डिकीत शेव्हेलच्या चाकांवर बसणाऱ्या मूळच्या धातूच्या टोप्या, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या. वेंडेलनं तिला खिडकीतून पाहिलं आणि धावत गॅरेजात जाऊन शेव्हेलवर ताडपत्री ओढली.

"पोटमाळ्यावर सापडल्या," ती म्हणाली. "मर्लनं जपून ठेवल्या होत्या. आता तुझ्याकडेच असायला हव्यात. बघू दे ना तिला जरा."

"रंगाचं काम काढलंय, मिसेस बॉइस. धूळ बसेल."

"रंग? रंग तर चांगला होता."

"थोडं... खालच्या बाजूला गंज होता."

ही दुसरी थाप. आर्डिथनं ताडपत्रीवर, छपराच्या जागी, तळवा ठेवला. घोड्याच्या पाठीवर ठेवतात तसा. पिंजऱ्याची वरची नळी तिथून वीतभर अंतरावर होती.

"मेमोरियल डेला मला दफनभूमीत नेशील का हिच्यातून? एकदाच. मर्लच्या थडग्याच्या दगडावर झेंडा लावायचाय. माझ्या गाडीतून जायला बरं नाही वाटत."

"नेईन ना. त्यात काय!"

ही तिसरी. ती गेल्यावर त्यानं ॲपल पाय लोरेटासमोर ठेवली. लोरेटानं एक तुकडा कापून त्याच्या ताटलीत घातला आणि स्वतः काही खाल्लं नाही. त्यानं तो तुकडा पूर्ण खाल्ला. बायकोसमोर टाकायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं गसला विचारलं, "सगळं परत बसवता येईल का रे? सीटा, गालिचे?"

गसनं हातातला पाना खाली ठेवला. "फरशी कापलीय आपण, वेंडेल. छतातलं कापड तूच जाळलंस. आणि मागची सीट म्हणशील, तर ती माझ्या ओसरीवर आहे. बाकड्यासारखी छान होते. बायको संध्याकाळी तिथं बसूनच शेंगा सोलते."

मे उजाडला आणि ट्रॅक उघडला. वेंडेल आत गेला. जाळीच्या या बाजूला. हेल्मेट, खांद्यावरून आणि मांड्यांमधून आवळलेले पट्टे, आणि उघड्या पत्र्यातून थेट हाडांत शिरणारा इंजिनाचा आवाज. पहिल्या फेऱ्यांना तो घाबरून चालवत होता. मग लांब सरळ रस्त्यावर त्यानं पाय पुरता दाबला आणि गाडीनं त्याला पाठीमागे असं रेटलं, की तो हेल्मेटच्या आत मोठ्यानं ओरडला. वळणावर मागची चाकं घसरली, त्यानं ती सावरली, पुन्हा घसरली, पुन्हा सावरली. खाली उतरला तेव्हा तोंडावरचं हसू जात नव्हतं.

आणि त्याच्या मनात आलं, हे मर्लला सांगायला हवं.

क्षणभर त्याला मर्ल गेल्याचं आठवलंच नाही. आणि आठवलं तेव्हा त्याबरोबर बाकीचंही आठवलं. तो गाडीच्या सावलीत, डांबरावर बसला. एक ओळखीचा शर्यतवाला विचारत आला, "कुठं मिळाली रे असली गाडी? कुणाची होती?"

"अशीच मिळाली," वेंडेल म्हणाला, आणि हेल्मेट पुसत बसला. ते आधीच स्वच्छ होतं.

त्याच आठवड्यात तो आर्डिथकडे गेला. ती अंगणात टोमॅटोची रोपं लावत होती. तिनं वर पाहिलं, पण उठली नाही.

"मिसेस बॉइस, मला तुम्हाला गाडीबद्दल सांगायचंय."

"सांग."

"ती... तशी राहिली नाही. मी ती कापलीय. ट्रॅकसाठी. आत काही उरलेलं नाही. रंगाचं मी खोटं बोललो. आणि पहिल्या दिवशीसुद्धा."

आर्डिथनं रोपाभोवतीची माती दाबली. "माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवंय? टार्नोव्स्कीच्या ओसरीवर माझी सीट आहे. तिच्यावर मर्लच्या सिगारचा डाग आहे. चर्चला जाताना रस्त्यातच लागते ती ओसरी."

"केव्हापासून?"

"ॲपल पाय घेऊन आले त्याच्या आधीपासून."

वेंडेलच्या आता ध्यानात आलं. म्हणजे ताडपत्रीवर हात ठेवला तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. ती त्याला बोलायची संधी द्यायला आली होती, आणि त्यानं तिला गंजाची गोष्ट सांगितली होती.

"मी भरपाई..."

"गप्प बस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "विकलेली गाडी ती. तू तिच्यात कोंबड्या पाळल्यास तरी मला बोलता आलं नसतं. पण मी तुला विचारलं होतं. दलालानं निदान थाप तरी मारली नव्हती."

"मला क्षमा करा."

"मेमोरियल डेला किती वाजता येतोस?"

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "त्यात बसायला जागाच नाहीये. एकच सीट आहे. आणि आवाज..."

"मग दुसरी बसव. तू नेईन म्हणालास."

त्यानं दुसरी सीट बसवली. मेच्या शेवटी मेमोरियल डे आला, फौजेतल्या मृतांचा स्मरणदिन. सकाळी आर्डिथ काळा झगा घालून, मांडीवर पर्स आणि हातात छोटा झेंडा घेऊन त्या पिंजऱ्यात शिरली. नळीवरून पाय टाकताना त्याला तिचा हात धरावा लागला. पट्टे त्यानं आवळले, ती समोर बघत राहिली. गावातून जाताना सायलेन्सर नसलेल्या त्या गाडीनं खिडक्यांची तावदानं हलवली. पदपथावर लोक थांबले. हात वर करायची त्यांची सवय. काहींचे हात अर्ध्यावर गेले आणि तिथंच राहिले. मिरवणुकीसाठी उभ्या असलेल्या पोलिसानं गाडी पाहिली, आतली बाई पाहिली, आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

दफनभूमीच्या फाटकाशी पोचले तेव्हा आत प्रार्थना सुरू झाली होती. फौजेत मरण पावलेल्यांच्या थडग्यांजवळ सगळं गाव टोप्या काढून उभं होतं. वेंडेलनं घाईघाईनं इंजिन बंद केलं.

"इथून चालत जाऊ या, मिसेस बॉइस."

"मर्लचा दगड वर आहे, टेकाडावर. माझे गुडघे चढत नाहीत. तुला माहीत आहे."

प्रार्थनेत आवाज नको म्हणून तो उतरला आणि गाडी ढकलायला लागला. आर्डिथनं बाजूच्या सीटवरून हात लांब करून स्टिअरिंग धरलं. खडीचा रस्ता चढणीचा होता. गाडी आतून कितीही रिकामी केली असली तरी लोखंड ते लोखंडच. थोडं वर गेल्यावर त्याचे बूट घसरायला लागले. चाकांखाली खडी करकरली आणि माणसं वळून बघायला लागली. मग गस गर्दीतून निघून आला, त्याच्यामागं कारखान्यातले आणखी दोघं. त्यांनी टोप्या काखेत मारल्या आणि गाडीला खांदे लावले. कुणी काही बोललं नाही. कारखान्यात साध्या सांडलेल्या डब्यावरून वर्षभर टिंगल करणारी ही माणसं. एकानं एखादी कुचेष्टा केली असती तरी वेंडेलनं त्याचे उपकार मानले असते. तो मान खाली घालून ढकलत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं नेमका तो चाकावरचा कापलेला पत्रा होता.

वर पोचल्यावर आर्डिथनं स्वतःच पट्टे सोडवले, उतरली, झेंडा खोचला आणि दगडावरचं वाळलेलं गवत झटकलं. मग म्हणाली, "लोरेटाची गाडी आहे ना खाली? तिच्याबरोबर जाईन मी."

त्या उन्हाळ्यात वेंडेल ट्रॅकवर गेला, पण क्वचित. गाडी विकावी असंही त्याच्या मनात आलं; पण ते म्हणजे पळणं झालं असतं. कुणी गाडी कुणाची विचारलं की तो आता सांगतो, मर्ल बॉइसची. आणखी विचारलं तर उरलेलंही सांगतो, आणि ऐकणारा मग चाकांतली हवा वगैरे बघायला लागतो.

पानगळीत तो शिडी घेऊन आर्डिथच्या छपराच्या पन्हळी साफ करायला गेला. तिनं बोलावलं नव्हतं. तिनं दारातून पाहिलं आणि दार लावून घेतलं. ओली पानं उपसता उपसता दुपार झाली. तो उतरला तेव्हा ती ओसरीवर कप घेऊन उभी होती. एकच कप.

"आत ये असं काही मी म्हणणार नाही," ती म्हणाली.

"नको, नको. बूट भरलेत माझे."

"बुटांचं नाही म्हणत मी."

तिनं कठड्यावरून कप पुढं केला. वेंडेलनं तो घेतला, खाली अंगणात उभ्या उभ्या कॉफी संपवली, आणि कप कठड्यावर ठेवला.

"मागच्या बाजूची पन्हळ राहिलीय," आर्डिथ म्हणाली.

तो शिडी उचलून मागच्या बाजूला गेला.